किल्ला, बंदर आणि पेठ : मालवणच्या ऐतिहासिक स्थळांचे एकत्रित आकलन

गोषवारा :
मालवण येथे येणारा बहुसंख्य अभ्यागत सिंधुदुर्ग किल्ल्याकडे एक स्वतंत्र व अलिप्त स्मारक म्हणून पाहतो. होडीने किल्ल्यावर जाणे, तासाभरात परतणे आणि उरलेला दिवस किनाऱ्यावर घालविणे असे या भेटीचे सर्वसाधारण स्वरूप असते. प्रस्तुत शोधनिबंधात असे प्रतिपादन केले आहे की, मोरयाचा धोंडा, पद्मगड, राजकोट, सर्जेकोट, बंदर आणि पेठ ही स्थळे सिंधुदुर्ग किल्ल्यापासून वेगळी नसून एकाच सागरी व्यवस्थेचे घटक आहेत. या व्यवस्थेचे आकलन झाल्याविना किल्ल्याचा अर्थ अपुरा राहतो. जुलै २०२५ मध्ये सिंधुदुर्गचा जागतिक वारसा यादीत समावेश झाल्यानंतर या प्रश्नास विशेष महत्त्व प्राप्त झाले आहे.

बीजसंज्ञा : सिंधुदुर्ग, मालवण, दुर्गसमूह, सागरी इतिहास, वारसा पर्यटन, लोकपरंपरा.

प्रस्तावना :
कोकण किनारपट्टीच्या इतिहासात मालवण या शहराचे स्थान वैशिष्ट्यपूर्ण आहे. 'महालवण' या शब्दापासून मालवण हे नाव आले, अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. येथील मिठागरांकडे ती निर्देश करते. मासेमारी, मीठ, नारळ आणि किनाऱ्यालगतचा व्यापार यांवर जगणाऱ्या या वस्तीला सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात राजकीय महत्त्व प्राप्त झाले, ते छत्रपती शिवाजी महाराजांनी समोरच्या कुरटे बेटावर उभारलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्यामुळे. पुढे १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन नवा जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा त्यालाही याच किल्ल्याचे नाव देण्यात आले. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला आणि मालवण हे त्या पर्यटनाचे प्रमुख केंद्र बनले.

पर्यटनाच्या या वाढीमुळे मालवणला येणाऱ्यांची संख्या वाढली; तथापि त्या प्रमाणात मालवणच्या इतिहासाची जाण वाढली, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. किल्ल्याची माहिती देणाऱ्या पुस्तिकांत तटाची लांबी, बुरुजांची संख्या व विहिरींची नावे असतात. परंतु हा किल्ला याच ठिकाणी का बांधला गेला, तो कोणाच्या श्रमावर व ज्ञानावर उभा राहिला, आणि राजसत्ता गेल्यानंतर तो कोणी जतन केला, हे प्रश्न त्यांत बहुधा अनुत्तरित राहतात. प्रस्तुत लेखाचा विषय हेच प्रश्न आहेत.

उद्दिष्टे :
१. सिंधुदुर्ग व त्याच्या परिसरातील ऐतिहासिक स्थळांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे.
२. किल्ला आणि मालवण शहर यांतील सामाजिक व सांस्कृतिक नात्याचा आढावा घेणे.
३. अलीकडील घटनांच्या संदर्भात येथील वारसा पर्यटनाच्या स्वरूपाची चिकित्सा करणे.

अभ्यासपद्धती :
प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. गॅझेटियर, मराठ्यांच्या आरमारावरील प्रकाशित ग्रंथ आणि स्थानिक परंपरा यांचा आधार घेतला असून, लिखित पुरावा व परंपरा यांतील भेद शक्य तेथे स्पष्ट केला आहे.

१. किल्ल्याचे बांधकाम आणि त्याचा काळ :
सिंधुदुर्गच्या पायाभरणीचा दिवस २५ नोव्हेंबर १६६४ हा मानला जातो, तर बांधकामाची पूर्तता २९ मार्च १६६७ रोजी झाली असे सांगितले जाते. या दोन तारखांच्या दरम्यान घडलेल्या घटनांकडे लक्ष दिले असता या बांधकामाचे खरे महत्त्व ध्यानात येते. जून १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंह यांच्याबरोबर पुरंदरचा तह झाला आणि महाराजांना तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले. मे १६६६ मध्ये महाराज आग्र्यास पोहोचले, तेथे त्यांच्यावर नजरकैद आली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्यांनी तेथून सुटका करून घेतली. म्हणजेच स्वराज्याच्या इतिहासातील सर्वांत कठीण काळात मालवणच्या समुद्रात हे काम चालू होते. सह्याद्रीतील किल्ले हातचे जात असताना सागरावरील एक किल्ला आकार घेत होता. जंजिऱ्याचा सिद्दी, गोव्याचे पोर्तुगीज आणि किनाऱ्यावर वखारी असलेले इंग्रज व डच यांच्या सागरी बळापुढे केवळ भूदलाच्या आधारे कोकण राखता येणार नाही, हे महाराजांनी ओळखले होते. डोंगरी प्रदेशातील संकटाच्या काळातही त्या जाणिवेत खंड पडला नाही.

येथे आणखी एक बाब नोंद घेण्याजोगी आहे. फेब्रुवारी १६६५ मध्ये, म्हणजे किल्ल्याची पायाभरणी होऊन तीन महिनेही झाले नसताना, महाराजांनी मालवणहून बसरूरच्या मोहिमेसाठी प्रस्थान ठेवले. समकालीन इंग्रजी पत्रव्यवहारात या ताफ्यात पंच्याऐंशी लहान युद्धनौका व तीन मोठी जहाजे असल्याचा उल्लेख आहे. एवढा ताफा जेथून निघतो, तेथे नौका नांगरण्याची, दुरुस्तीची, रसद भरण्याची आणि अनुभवी खलाशी मिळण्याची सोय असणे आवश्यक असते. यावरून किल्ला उभा राहण्यापूर्वीच मालवण हे वापरातील बंदर होते, असा निष्कर्ष निघतो. किल्ल्यामुळे बंदर निर्माण झाले नाही. असलेल्या बंदराच्या रक्षणासाठी किल्ला उभारला गेला. अभ्यागताच्या मनातील क्रम बहुधा याच्या उलट असतो.

कुरटे बेटाची निवडही याच दृष्टीने समजून घ्यावी लागते. बेटाभोवतीच्या समुद्रात ठिकठिकाणी खडक असून त्यांतील अनेक पाण्याखाली दडलेले आहेत. वाट ठाऊक नसलेल्या जहाजाला तेथे प्रवेश करणे धोक्याचे आणि ती ठाऊक असलेल्या होडीला सुलभ. हे ज्ञान नकाशावर नव्हते. ते पिढ्यानपिढ्या या पाण्यात वावरणाऱ्या गाबीत, कोळी आदी दर्यावर्दी समाजांकडे होते. बेट दाखविणाऱ्या स्थानिकांचा महाराजांनी गौरव केला, असे परंपरा सांगते. परंपरेतील तपशील बाजूला ठेवला तरी तिच्या मुळाशी असलेले तथ्य नाकारता येत नाही. स्थानिकांच्या मार्गदर्शनावाचून या खडकांतून दगड, चुना व शिसे वाहून नेणे अशक्य होते.

२. दुर्गसमूहाची रचना :
मालवणच्या किनाऱ्यावरील स्थळे एकत्र पाहिली असता त्यांतील योजना स्पष्ट होते. या योजनेचा आरंभबिंदू म्हणजे दांडी किनाऱ्यावरील मोरयाचा धोंडा. या खडकावर गणपती, सूर्य, चंद्र व शिवलिंग कोरलेले असून किल्ल्याचे भूमिपूजन येथे झाले, असे मानले जाते. सागरात किल्ला बांधावयाचा, परंतु पूजा किनाऱ्यावर, गावाच्या भूमीवर करावयाची, यातून किल्ला आणि गाव यांचे नाते आरंभापासूनच निश्चित झालेले दिसते.

मोरयाच्या धोंड्यासमोर, किनारा आणि सिंधुदुर्ग यांच्या दरम्यान पद्मगड हा लहानसा दुर्ग आहे. पूर्ण ओहोटीच्या वेळी दांडीच्या किनाऱ्यावरून तेथवर चालत जाता येते. येथे नौकाबांधणी व दुरुस्ती होत असे, अशी परंपरा आहे. सिंधुदुर्गच्या आडोशामुळे पश्चिमेकडील लाटांचा जोर येथे कमी होतो, ही गोष्ट त्या परंपरेस पुष्टी देणारी आहे. आज येथील वेताळाचे मंदिर स्थानिकांचे श्रद्धास्थान आहे. सिंधुदुर्ग पाहण्यास आलेल्यांपैकी फार थोडे लोक पद्मगडाकडे वळतात. कारण तेथे जाण्यासाठी होडीचे तिकीट नव्हे, तर भरती-ओहोटीची वेळ माहीत असावी लागते.

शहराच्या उत्तरेकडील खडकाळ टोकावर राजकोट आहे. बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या नौकांवर किनाऱ्याच्या बाजूने लक्ष ठेवणे हे त्याचे कार्य होते. त्याहून उत्तरेस, कोळंब खाडी ओलांडल्यावर, सर्जेकोट आहे. हा कोट १६६८ च्या सुमारास बांधला गेला. पावसाळ्यात उघड्या समुद्रात नौका ठेवणे शक्य नसते. त्यांना खाडीत आसरा द्यावा लागतो. त्या आसऱ्याचे रक्षण हा सर्जेकोटाचा मुख्य हेतू होता.

अशा प्रकारे सिंधुदुर्ग हे मुख्य ठाणे, पद्मगड ही नौकाबांधणीची जागा, राजकोट हा किनाऱ्यावरील पहारा आणि सर्जेकोट हा पावसाळी निवारा, अशी चार अंगांची ही रचना होती. यांपैकी एकच अंग पाहून परतणारा अभ्यागत वास्तू पाहतो; परंतु व्यवस्था त्याच्या दृष्टीआड राहते.

३. तटाच्या आत :
सिंधुदुर्गचे क्षेत्रफळ सुमारे अठ्ठेचाळीस एकर असून तटाचा घेर सुमारे तीन किलोमीटर आहे. तटाची उंची साधारण तीस फूट व रुंदी बारा फूट सांगितली जाते. बुरुजांची संख्या सामान्यतः बेचाळीस दिली जाते. काही लेखनात ती बावन्नही आढळते. सरळ तट न बांधता तो बेटाच्या कडेने नागमोडी वळविल्यामुळे कोणत्याही बाजूने येणारी नौका एकाहून अधिक बुरुजांच्या माऱ्यात येते. मुख्य प्रवेशद्वार दोन बुरुजांच्या आड असे लपविले आहे की, अगदी जवळ येईपर्यंत ते दृष्टीस पडत नाही. पायाचे चिरे बसविताना शिशाचा वापर झाला. खाऱ्या पाण्याचा व लाटांचा सतत मारा सोसणाऱ्या बांधकामासाठी केलेली ती तजवीज होती. या बांधकामाशी हिरोजी इंदुलकर यांचे नाव परंपरेने जोडले जाते. मात्र चिरे घडविणाऱ्या पाथरवटांची, चुना मळणाऱ्यांची आणि माल वाहणाऱ्या खलाशांची नावे इतिहासास ज्ञात नाहीत.

किल्ल्यातील दूधबाव, दहीबाव व साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी अभ्यागतांच्या विशेष कुतूहलाचा विषय असतात. चहूबाजूंनी समुद्र असताना मध्ये गोडे पाणी, ही चमत्काराची बाब म्हणून सांगितली जाते. वस्तुतः बेटावर पडणारे पावसाचे पाणी भूमीत मुरते आणि खाऱ्या पाण्याहून हलके असल्याने त्यावर थरासारखे राहते. हा थर बेताने वापरला तरच टिकतो. म्हणून या विहिरींचे श्रेय केवळ निसर्गाला देता येत नाही. योग्य जागा निवडणाऱ्या व पाणी जपून वापरणाऱ्या माणसांचाही त्यात वाटा आहे.

किल्ल्याच्या मध्यभागातील श्री शिवराजेश्वर मंदिर हे या किल्ल्याचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य होय. येथील शिवाजी महाराजांची मूर्ती दाढीविरहित असून ती नाविकाच्या वेषातील मानली जाते. हे मंदिर छत्रपती राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधले, असे सर्वत्र सांगितले जाते. या विधानाकडे थोडे चिकित्सकपणे पाहणे आवश्यक आहे. राजाराम महाराज १६८९ च्या अखेरीस जिंजीस पोहोचले आणि १६९५ मध्ये ते तेथेच, मोगली वेढ्याच्या छायेत होते. त्यामुळे मंदिराची उभारणी त्यांच्या आज्ञेने वा त्यांच्या नावे, परंतु प्रत्यक्षात कोकणात राहिलेल्या अधिकाऱ्यांच्या हातून झाली असावी, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. राजा दूर दक्षिणेत वेढ्यात असताना कोकणच्या बेटावर त्याच्या पित्याचे मंदिर उभे राहते, या घटनेस राजकीय अर्थही आहे. गादी कोठेही असली तरी निष्ठेचे स्थान अढळ आहे, हे त्यातून सूचित होत होते.

तटावरील चुन्यात उमटलेला हाताचा व पायाचा ठसा महाराजांचा मानला जातो व त्यांवर लहान घुमट्या बांधलेल्या आहेत. ठशांच्या प्रामाण्याविषयी इतिहासाने काही म्हणो, ते जपणाऱ्या जनतेची साडेतीन शतकांची भावना हाही इतिहासाचाच भाग आहे. भवानी, महापुरुष व जरीमरी यांची मंदिरे आणि आजही किल्ल्यात राहणारी काही कुटुंबे यांमुळे सिंधुदुर्ग हा ओस पडलेला अवशेष न राहता वस्तीचा किल्ला राहिला आहे. पावसाळ्यात पर्यटकांची होडीसेवा बंद होते, तेव्हा या कुटुंबांपुढे दूध, औषध व वाणसामान आणण्याचा साधा व्यवहारही समुद्राच्या मर्जीवर अवलंबून राहतो. अभ्यागतास निळ्या पाण्यातील किल्ला दिसतो. करड्या पाण्यातील किल्ला केवळ तेथील रहिवाशांच्या अनुभवाचा आहे.

४. सत्तांतरे आणि सातत्य :
अठराव्या शतकात कोल्हापूर व सातारा या दोन गाद्यांच्या वाटणीनंतर सिंधुदुर्ग कोल्हापूरकरांकडे राहिला. मालवणचे आरमार किनाऱ्यावरील व्यापारी जहाजांवर हल्ले करीत असल्याची तक्रार मुंबईच्या इंग्रजांकडून वारंवार होत असे. ज्याला इंग्रज चाचेगिरी म्हणत, त्यामागे सागरावरील परवाने व जकात यांचा हक्क कोणाचा, हा मूळ वाद होता, हे विसरता येत नाही. १७६५ मध्ये इंग्रजांनी आरमारी मोहीम काढून किल्ला जिंकला व त्यास 'फोर्ट ऑगस्टस' असे नाव दिले. तथापि तो राखण्याचा खर्च परवडणारा नसल्याने पुढील वर्षीच मोठी रक्कम व हमी घेऊन त्यांनी तो कोल्हापूरकरांना परत केला. इंग्रजांनी दिलेले नाव कागदावरच राहिले. लोकांच्या तोंडी सिंधुदुर्ग हेच नाव टिकले.

१ ऑक्टोबर १८१२ च्या करवीर तहान्वये सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट व सर्जेकोट हे चारही दुर्ग कोल्हापूरकरांनी इंग्रजांच्या स्वाधीन केले. या तहातील नावे प्रस्तुत प्रतिपादनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. मालवण ताब्यात घेणे म्हणजे हे चारही दुर्ग घेणे होय, हे इंग्रजांना पुरते ठाऊक होते. ज्या स्थळांना आजचा प्रवासी वेगवेगळी 'ठिकाणे' समजतो, त्यांना तत्कालीन राजनीतीने एकच घटक मानले होते.

सत्ता गेली तरी शिवराजेश्वराशी असलेले कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याचे नाते तुटले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी राजर्षी शाहू महाराजांच्या काळात मंदिराचा सभामंडप बांधला गेला. लष्करी उपयोग संपल्यानंतरही पूजा, दिवाबत्ती व मानपान चालू राहिल्यामुळे किल्ल्याला जपणारी माणसे तेथे राहिली. तटबंदीच्या भक्कमपणाइतकेच हे सातत्य किल्ल्याच्या टिकण्यास कारणीभूत झाले आहे.

५. शहर व सांस्कृतिक परंपरा :
किल्ल्याकडून शहराकडे वळले असता हेच सातत्य वेगळ्या रूपात आढळते. नारळी पौर्णिमेस मालवणच्या बंदरावर समुद्राला श्रीफळ अर्पण केले जाते आणि पावसाळ्यात थांबलेल्या दर्यावरील व्यवहाराचा नवा हंगाम सुरू झाल्याचे मानले जाते. त्या दिवशी किनाऱ्यावर नारळ लढविण्याची चुरस रंगते. दिवाळीच्या पाडव्याला ग्रामदैवत रामेश्वर व नारायण यांच्या पालख्या शहरात फिरतात. पालखीचा मार्ग, थांबे आणि मानकरी यांतून शहराची जुनी सामाजिक घडी वाचता येते. या दृष्टीने पालखी ही पेठेच्या इतिहासाची चालती नोंद आहे, असे म्हणता येईल.

किनाऱ्यावरील रापण हीदेखील अशीच एक संस्था आहे. मोठे जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार टाकून दोन्ही टोकांनी अनेक माणसांनी ते किनाऱ्याकडे ओढावयाचे आणि मिळालेल्या मासळीचे ठरलेल्या प्रमाणात वाटे करावयाचे, ही पद्धत परस्पर विश्वासावर चालते. यांत्रिक नौकांच्या स्पर्धेत ती क्षीण होत चालली आहे. किनाऱ्यावर रापण ओढताना पाहणारा प्रवासी तिचे छायाचित्र घेतो. परंतु ज्या सामूहिक श्रमपद्धतीने मराठ्यांच्या आरमाराला मनुष्यबळ पुरविले, तिचा हा अवशेष असू शकतो, हे त्याला सांगणारे कोणी नसते.

मालवणी बोली, दशावतारी नाटक आणि गावोगावच्या जत्रा यांचाही येथे उल्लेख करणे आवश्यक आहे. मालवण तालुक्यातील मसुरे गावच्या आंगणेवाडी येथील भराडी देवीच्या जत्रेची तारीख पंचांगाने ठरत नाही. ती देवीचा कौल घेऊन ठरविली जाते. तरीही मुंबईतील चाकरमानी त्या दिवसासाठी आवर्जून गावी येतात. सर्जेकोटाच्या परिसरातील रेवंडी हे मच्छिंद्र कांबळी यांचे गाव. गंगाराम गवाणकर लिखित 'वस्त्रहरण' या १९८० मध्ये रंगमंचावर आलेल्या नाटकाद्वारे त्यांनी मालवणी बोलीला शहरी रंगभूमीवर प्रतिष्ठा मिळवून दिली. तिरफळ घातलेली बांगड्याची आमटी, सोलकढी, कोंबडी-वडे व जत्रेतील खाजे हे पदार्थही आज 'मालवणी' या नावाने राज्यभर ओळखले जातात. येथील बोली व चव घाटावर पोहोचली. येथील इतिहास मात्र त्या प्रमाणात पोहोचला नाही.

६. सद्यःस्थिती : वारसा आणि पर्यटन :
गेल्या काही वर्षांतील तीन घटनांनी मालवणकडे देशाचे लक्ष वेधले. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनाच्या निमित्ताने राजकोट येथे शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो पुतळा कोसळला. त्यानंतर त्याच ठिकाणी अधिक उंच व भक्कम पुतळा उभारण्यात येऊन मे २०२५ मध्ये त्याचे अनावरण झाले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने 'भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले. त्यांत महाराष्ट्रातील अकरा व तमिळनाडूतील जिंजी यांचा समावेश असून सिंधुदुर्ग हा त्यांतील एक आहे.

पुतळा कोसळल्याच्या घटनेची राजकीय चर्चा पुष्कळ झाली. इतिहासाच्या अभ्यासकाने तिच्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहणे उचित ठरेल. ज्या समुद्रासमोर ही दुर्घटना घडली, त्याच समुद्रात सिंधुदुर्गचा तट साडेतीन शतके उभा आहे. वाऱ्याचा जोर, खाऱ्या हवेचा परिणाम आणि लाटांची दिशा यांचे ज्ञान हे त्या तटाचे खरे रहस्य आहे. महाराजांच्या कार्याचे स्मरण करताना त्यांनी आदराने वापरलेल्या या ज्ञानाचे विस्मरण झाले, तर ते स्मरण अपुरे ठरते. शिवाय राजकोट हे स्वतः ऐतिहासिक स्थळ आहे, ही गोष्ट पुतळ्याविषयीच्या चर्चेत जवळजवळ झाकली गेली. आज तेथे येणाऱ्यांपैकी बहुतेकांना राजकोट हे पुतळ्याच्या जागेचे नाव वाटते. तो १८१२ च्या तहात नोंदलेला एक दुर्ग होता, हे क्वचितच कोणास ठाऊक असते.

जागतिक वारसा यादीतील 'भूप्रदेश' ही संज्ञाही येथे महत्त्वाची आहे. ती संज्ञा सुट्या वास्तूचा नव्हे, तर वास्तू व तिचा परिसर यांचा एकत्रित विचार करावयास सांगते. परिसराचे आणखी एक अंग पाण्याखाली आहे. १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्याचे क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर असून सिंधुदुर्ग व पद्मगडाभोवतीचा समुद्र त्याच्या गाभा क्षेत्रात येतो. ज्या खडकांनी शत्रूच्या जहाजांना दूर ठेवले, त्याच खडकांवर प्रवाळ वाढले आहेत आणि ते पाहण्यासाठी आज पर्यटक पाण्यात उतरतात. मात्र संरक्षणाचे नियम, मच्छीमारांचा उदरनिर्वाह आणि जलक्रीडांचा व्यवसाय यांत ताण आहे. अभयारण्याच्या घोषणेस स्थानिक मच्छीमारांनी केलेला विरोध हा त्यांना विश्वासात न घेतल्याचा परिणाम होता. जागतिक वारसा दर्जाच्या बाबतीत तीच चूक पुन्हा घडल्यास किल्ल्यातील रहिवासी आणि बंदरावरील होडीवाले यांना आपल्याच वारशाबद्दल परकेपणा वाटू लागेल, हा धोका आहे.

७. अभ्यागताच्या भेटीची पुनर्रचना :
वरील विवेचनाच्या आधारे मालवण भेटीचा वेगळा क्रम सुचविता येतो. भेटीचा आरंभ किल्ल्याच्या होडीने न करता मोरयाच्या धोंड्यापासून करावा. ओहोटीची वेळ साधून पद्मगड पाहावा आणि तेथून सिंधुदुर्गकडे दृष्टी टाकावी. किनारा, नौकाबांधणीची जागा आणि मुख्य ठाणे यांचे अंतर तेथे डोळ्यांनी मोजता येते. त्यानंतर किल्ल्यावर जावे व तेथे तासाभराऐवजी किमान अर्धा दिवस द्यावा. दुसऱ्या दिवशी राजकोट व कोळंब खाडीपलीकडील सर्जेकोट पाहून सायंकाळी मासळी उतरण्याच्या वेळी बंदरावर यावे. यासाठी वेगळ्या खर्चाची गरज नाही. भरती-ओहोटीच्या वेळा दर्शविणारा फलक, चारही दुर्गांचा एकत्रित नकाशा आणि माहिती सांगणारे स्थानिक तरुण एवढे पुरेसे आहे.

या कामी परिसरातील महाविद्यालयांना मोठी संधी आहे. इतिहास विभागाने स्थळांच्या नोंदी, मराठी विभागाने मालवणी बोलीतील दर्यावरील शब्द व कथा, भूगोल विभागाने किनाऱ्याच्या बदलाचे मापन आणि प्राणिशास्त्र विभागाने प्रवाळ व मत्स्यजीवन यांचा अभ्यास हाती घेतल्यास खऱ्या अर्थाने बहुविद्याशाखीय काम उभे राहू शकते. किल्ल्यातील वृद्ध रहिवासी, रापणकर आणि लाकडी होड्या बांधणारे कारागीर यांच्या मौखिक नोंदी घेणे हे त्यांतील सर्वांत तातडीचे काम होय. दगडी तट आणखी शंभर वर्षे थांबेल. ही माणसे थांबणार नाहीत.

निष्कर्ष :
१. सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट व सर्जेकोट हे परस्परपूरक कार्ये असलेले एकाच दुर्गसमूहाचे भाग असून १८१२ च्या करवीर तहातही त्यांचा एकत्रित उल्लेख आढळतो.
२. फेब्रुवारी १६६५ च्या बसरूर मोहिमेवरून किल्ल्यापूर्वीच मालवण हे कार्यक्षम बंदर होते, असे दिसून येते. त्यामुळे किल्ल्याचा इतिहास बंदराच्या व दर्यावर्दी समाजाच्या इतिहासापासून वेगळा करता येत नाही.
३. किल्ला टिकून राहण्यात त्याच्या बांधकामाइतकाच शिवराजेश्वराची पूजा, किल्ल्यातील वस्ती व शहरातील लोकपरंपरा यांचा वाटा आहे.
४. जागतिक वारसा दर्जानंतरचे नियोजन केवळ तटबंदीच्या दुरुस्तीपुरते मर्यादित न ठेवता त्यात चारही दुर्ग, भोवतालचा समुद्र आणि तेथे राहणारी माणसे यांचा समावेश होणे आवश्यक आहे.

मालवणला येणारा अभ्यागत इतिहासाबद्दल उदासीन असतो, असे नाही. किल्ल्याच्या दारात नतमस्तक होणारी माणसे याची साक्ष देतात. त्या श्रद्धेला माहितीची जोड देणे हे अभ्यासकांचे व स्थानिक संस्थांचे काम आहे. ते झाल्यास परतीच्या होडीत बसलेला अभ्यागत मागे वळून किल्ला पाहील, तसेच समोर येणारा किनारा, त्यावरील वस्ती आणि ती होडी चालविणारा माणूस यांच्याकडेही तो त्याच आदराने पाहू शकेल.